कॅम्पेनला कुठल्या रेस ठेवायच्या आणि कुठल्या नाही

डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ. त्यात गोष्ट चालवणारा तो डीएम, एकेक पात्र खेळणारे ते प्लेअर, पात्राचा वंश म्हणजे रेस, आणि बरेच रविवार चालणारी गोष्ट म्हणजे कॅम्पेन. आता नवीन डीएम झालेला माणूस पहिलं काम काय करतो, तर ग्रुपवर टाकतो "सगळ्या रेस चालतील, बिनधास्त बनवा कॅरेक्टर", आणि मग रविवारी टेबलावर एक पक्षीमाणूस, एक लोखंडी सैनिक, एक कासव आणि एक शिंगवाली सैतानाची नात येऊन बसते, आणि गोष्ट काय, तर पाटलाची शेळी हरवलीय. आता पाटलाने शेळीचं सांगायचं का कासवाकडे बघत बसायचं? दोन सेशन सगळे हसतात, तिसऱ्यापासून कुणालाच कशाचं काही वाटत नाही, कासव पण नॉर्मल, ड्रॅगन पण नॉर्मल. त्यामुळं माझं म्हणणं सरळ आहे, रेसची यादी डीएमने ठरवायची आणि ती गोष्ट जिथं घडणार त्या जागेवरून ठरवायची, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून नाही. मी इथं डी अँड डी पाचव्या एडिशनचंच बोलतोय कारण आमच्याकडे तेच चालतं, दुसरी सिस्टिम खेळत असाल तर आकडे सोडून बाकीचं घ्या.

आधी पुस्तक कुठलं ते क्लिअर करा

हे फालतू वाटतं पण निम्मी भांडणं इथंच होतात, कारण एकाच्या फोनमध्ये २०१४ चं पुस्तक असतंय आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये २०२४ चं. २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे प्लेअरच्या मुख्य नियमपुस्तकात, नऊ रेस आहेत. ह्यूमन, एल्फ (सडपातळ, दीर्घायुषी), ड्वार्फ (बुटके, दणकट), हाफलिंग (लहानखुरे) हे चार कुठंही भेटणारे आणि ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनच्या रक्ताचे), नोम (छोटे, डोकेबाज), हाफ-एल्फ, हाफ-ऑर्क, टीफलिंग (शिंगवाले, सैतानाच्या रक्ताचे) हे पाच क्वचित दिसणारे, ही विभागणी खुद्द पुस्तकातच केलेली आहे पण तो भाग कुणी वाचत नाही. २०२४ च्या पुस्तकात दहा आहेत, हाफवाले दोघे गेले आणि ऑर्क (दांडगे, सुळेवाले), गोलायथ (राक्षसवंशी, धिप्पाड), आसिमार (देवदूताच्या अंशाचे) आले.

त्याहून मोठा फरक आकड्यांचा. २०१४ मध्ये ड्वार्फ घेतला की कॉन्स्टिट्यूशनला, म्हणजे तब्येतीच्या आकड्याला, दोन वाढून मिळतात, एल्फला डेक्स्टेरिटी (चपळाई), नोमला इंटेलिजन्स (बुद्धी), त्यामुळं कुणाला विझार्ड, म्हणजे बुद्धीवर चालणारा जादूगार, करायचा असला की तो नोम नाहीतर हाय एल्फच (एल्फचा एक प्रकार) मागणार, त्याला नोम आवडतो म्हणून नाही, गणित जमतंय म्हणून. २०२० मध्ये एक ऐच्छिक नियम आला, ज्यात हे वाढीव आकडे पाहिजे तिथं लावता येतात, आणि २०२४ मध्ये तर ते रेसकडून काढून बॅकग्राउंडकडेच (पात्राच्या पूर्वायुष्याकडे) दिले. तुम्ही जुनं पुस्तक चालवत असाल तर हा २०२० चा नियम घेऊन टाका, मग प्लेअर रेस निवडताना गोष्टीचा विचार करतो, बेरजेचा नाही.

पुस्तक महाग वाटत असेल तर सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे मूळ नियमांचा अधिकृत संच, फुकट आहे, त्याचं ५.१ व्हर्जन जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली आहे, त्यात वरच्या नऊच्या नऊ रेस मिळतात, फक्त सबरेस, म्हणजे रेसमधले उपप्रकार, एकेकच. सुरुवातीला एवढं रग्गड होतं, चोरीच्या पीडीएफ फिरवायची गरजच नाही.

जागा आधी, रेस नंतर

जागा म्हणजे नुसता नकाशा नाही. तिथं पाणी कुठून येतं, लोक खातात काय, धंदा काय, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही, एवढं लिहिलं की झालं. समजा तुमची जागा आपल्या सोलापूरसारखीच आहे, काळी माती, पाऊस बेताचा, सपाट माळ, मध्ये मोठा तलाव, तलावाला लागून खंदकवाला भुईकोट किल्ला आणि गावभर माग. आता एकेक रेस उचलायची आणि विचारायचं, हे इथं काय करतात? उत्तर पटकन सुचलं तर रेस आत, दहा मिनिटं डोकं खाजवूनही सुचलं नाही तर बाहेर.

ड्वार्फ बघा. पुस्तकातला ड्वार्फ डोंगराच्या पोटात राहतो, आपल्याकडे डोंगर कुठंय? पण खाली कातळ आहे की. माती उकरली की मुरूम, त्याच्या खाली काळा पाषाण. मग ड्वार्फ म्हणजे विहिरी खोदणारे. गावातली प्रत्येक जुनी विहीर त्यांच्या पूर्वजांनी खोदलेली, किल्ल्याचा खंदक पण त्यांचाच, आणि ते म्हणतात की खोदली आम्ही तर पाण्यावर हक्क पण आमचा. एका ओळीत रेस पण बसली आणि कॅम्पेनचं पहिलं भांडण पण फुकटात मिळालं. शिवाय २०१४ च्या ड्वार्फला दगडी बांधकामाचा इतिहास ओळखायचा स्टोनकनिंग नावाचा गुण असतोय, जो बाकी कॅम्पेनमध्ये कुणी वापरत नाही, इथं तो दर दुसऱ्या सेशनला लागेल.

एल्फचं जरा अवघड, कारण जंगल नाही. सरळ काढून टाकलं तरी चालतंय, एल्फ नसलेलं जग काही बुडत नाही. पण नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे तुम्ही कधी गेला असाल तर बघितलं असेल, लांबच लांब गवत, मध्येच काळविटांचा कळप, आणि पक्षी एवढा मोठा असूनही गवतात उभा राहिला की शोधून सापडत नाही. तसे माळावरचे एल्फ करा. नियम २०१४ च्या वुड एल्फचेच (रानातले एल्फ), वेग ३५ फूट आणि पालापाचोळ्यात, धुक्यात, पावसात लपायची मुभा, फक्त झाडाच्या जागी गवत. एक आकडा बदलायचा नाही, आणि तरी असला एल्फ दुसऱ्या कुणाच्या टेबलावर नसेल.

हाफलिंग म्हणजे ज्वारी पिकवणारे, थंडीत हुरड्याला बोलावणारे, ह्यांना फार समजवावं लागत नाही. नोम म्हणजे माग दुरुस्त करणारे, चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून येते ते पुठ्ठे फक्त त्यांनाच वाचता येतात, आणि त्यात कुणीतरी गुप्त संदेश पाडून ठेवलाय का हे तुमचं तुम्ही बघा.

लोक म्हणतात एका गावात एवढे वेगवेगळे वंश पटत नाहीत. अहो, आपलं सोलापूरच बघा ना, १८७७ ला गिरणी सुरू झाली, तेलंगणातून विणकर येत राहिले, कर्नाटक तर हाकेवर, आणि एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी चारही ऐकू येतात. त्याला कारण एकच, काम होतं. जगात रेस आणायच्या तर त्यांना काम द्या, दैवी शाप आणि हजार वर्षांची युद्धं नंतर बघू.

आणि ज्या रेसला काम सुचत नाही पण प्लेअरला फारच पाहिजे, त्यांच्यासाठी जत्रा ठेवा. जानेवारीत सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, भरतो तेव्हा कुठकुठले पाळणेवाले, खेळणीवाले, मौत का कुआँवाले येतात, कोण कुठून आला विचारत नाही कुणी. तुमच्या जगात पण वर्षातून एकदा अशी जत्रा असेल तर टीफलिंग जादूगार किंवा गोलायथ पैलवान तिथून येऊ शकतो. असा परका एकच ठेवा पार्टीत, म्हणजे प्लेअर्सच्या पात्रांच्या गटात, दोन म्हणजे फार झालं, कारण सगळेच परके असले की गावाची बाजू घेणारं टेबलावर कुणी राहत नाही.

काही गुण गोष्टीचं वाटोळं करतात

इथं नीट लक्ष द्या, कारण रेसचं चित्र बघून हो म्हणता आणि नंतर कळतं की अख्खा प्लॉट त्या एका गुणाने गिळला.

सगळ्यात आधी डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात दिसणं. २०१४ च्या नऊमध्ये फक्त ह्यूमन, हाफलिंग आणि ड्रॅगनबॉर्नला ते नाही, २०२४ मध्ये ह्यूमन, हाफलिंग आणि गोलायथला नाही. म्हणजे मोकळं सोडलं तर जवळपास सगळी पार्टी अंधारात बघणारी निघते, आणि तुम्ही भुयारातली भीती एवढी खपून लिहिलेली असते, मशाल विझते, टप टप पाणी, आणि चौघं एकसुरात म्हणतात "आम्हाला दिसतंय". भीतीचं कॅम्पेन करायचं असेल तर डार्कव्हिजन नसलेल्या रेस यादीत जास्त घ्या, कमीत कमी निम्म्या.

पण त्याआधी नियम पूर्ण वाचा, कारण अर्धी टेबलं तो चुकीचा खेळतात. डार्कव्हिजन म्हणजे दिवसासारखं लख्ख नाही. ठरलेल्या अंतरापर्यंत, बहुतेकांना ६० फूट, पूर्ण अंधार हा मंद उजेडासारखा दिसतो, आणि मंद उजेडात नजरेने काही शोधायचं तर परसेप्शनला (टेहळणीच्या फाशाला) डिसअॅडव्हांटेज असतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, आणि पॅसिव्ह असेल, म्हणजे फासा न टाकता धरायचा आकडा, तर त्यातून पाच वजा. आणि अंधारात रंग दिसत नाहीत, नुसत्या राखाडी छटा. ही रंगाची गोष्ट तर सोनं आहे. भुयाराच्या दारावर विणलेला पडदा लावा, लाल धागा धरून गेलं तर वाट, हिरवा धरला तर खड्डा, आणि बघा कसे सगळे डार्कव्हिजनवाले गपचूप मशाल पेटवतात आणि त्या उजेडाने पलीकडे झोपलेलं जे काय असेल ते जागं होतंय.

दुसरं उडणं. अराकोक्रासारखी पक्षीमाणसांची रेस पहिल्या लेव्हललाच उडते, आणि पहिल्या चार लेव्हलचे तुमचे सगळे अडथळे म्हणजे भिंत, खंदक, नदी, खड्डा. वर सांगितलेल्या किल्ल्यात शिरायला तुम्ही तीन वाटा लिहून ठेवल्या, लाच, चोरवाट, वेषांतर, आणि पक्ष्याने दोर घेऊन बुरुज गाठला, संपलं. शिवाय धनुष्य घेऊन वर थांबला की खालचा लांडगा काय करणार बिचारा. २०२४ च्या पुस्तकात उडणं उशिरा दिलंय, आसिमारला तिसऱ्या लेव्हलला पंखांचा पर्याय मिळतो आणि ड्रॅगनबॉर्नला पाचव्याला, आणि दोघांचंही उडणं थोड्या वेळापुरतंच. तोच अंदाज पकडा, पाचव्या लेव्हलपर्यंत उडणारी रेस नको, आणि प्लेअर हट्टाला पेटला तर त्याच्या पक्ष्याचे पंख अजून भरले नाहीत म्हणा, पाचव्याला भरतील. बहुतेक जण मान्य करतात, वाट बघण्यात पण मजा असते.

तिसरं खाणं-पिणं. दुष्काळाचं कॅम्पेन, पाण्याचा हिशोब, पखाल कोण उचलणार, हे जर तुमच्या गोष्टीचं पोट असेल तर वॉरफोर्ज्ड, म्हणजे तो लोखंडी सैनिक, नको म्हणजे नको. त्याला अन्न लागत नाही, पाणी लागत नाही, श्वास पण लागत नाही. बाकीचे घोटाघोटाने पाणी पितायत आणि हा मजेत चाललाय. चार दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात वाढलेल्या प्लेअरला पाण्याचा हिशोब समजवावा लागत नाही, फार भारी सेशन होतात हे, एका लोखंडी माणसापायी घालवू नका.

वयाचं कुणी धरत नाही पण धरायला पाहिजे. एल्फ सातशे-साडेसातशे वर्षं जगतो, ड्वार्फ साडेतीनशे. तुमचं रहस्य "शंभर वर्षांपूर्वी किल्ल्यात काय घडलं" असं असेल आणि पार्टीत स्थानिक एल्फ असेल तर तो म्हणणार मी होतो की तिथं, नाहीतर माझी आई होती, तिला विचारून येतो. एकतर रहस्य हजार-दीड हजार वर्षं मागं ढकला नाहीतर एल्फ लांबून आलेले करा.

ड्राउचं, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या एल्फचं, जुन्या पुस्तकात उन्हाचं लचांड आहे, उन्हात हल्ल्याला आणि नजरेच्या परसेप्शनला डिसअॅडव्हांटेज. मे महिन्यातल्या सोलापूरसारख्या जगात हा प्लेअर अर्धं कॅम्पेन पस्तावणार, आधीच सांगा. केन्कूला, म्हणजे कावळ्यासारख्या पक्षीमाणसाला, जुन्या नियमात ऐकलेलेच आवाज काढून बोलता येतं, एका सेशनला धमाल, पाचव्या सेशनला बाकीचे वैतागतात, वन-शॉटला, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या खेळाला, ठेवा.

हे मात्र टाळा

आता जरा नाजूक. आपल्याकडे माणूस भेटला की आडनाव विचारतात आणि आडनावावरून सगळा हिशोब मनात मांडून होतो. तीच सवय टेबलावर आली की घाण होते. "ऑर्क म्हणजे अमुक वस्तीतले", "नोम म्हणजे व्याजाने पैसे देणारे, कळलं ना कोण" असले डोळा मारून केलेले जोक सुरुवातीला हशा मिळवतात, आणि मग ज्याच्यावरून केला तो पोरगा पुढच्या रविवारी येत नाही, कारण पण सांगत नाही. आपल्या एका टेबलावर चार भाषांची आणि पाच प्रकारच्या घरांची पोरं-पोरी बसतात, कोण कुठं दुखावेल सांगता येत नाही.

म्हणून दोष रेसला चिकटवूच नका, संस्थेला चिकटवा. चोर ऑर्क नाहीत, चोर ही जकात नाक्यावरची टोळी आहे, जिच्यात ह्यूमन पण आहेत आणि हाफलिंग पण. कंजूष ड्वार्फ नाहीत, कंजूष तो विहिरींचा संघ आहे आणि त्याच संघाच्या विरोधात एक ड्वार्फ म्हातारी मोर्चा काढते. असं केलं की व्हिलन पण चांगले होतात, कारण टोळीला पत्ता असतो, हिशोबाची वही असते, आत फूट पाडता येते, जन्माने दुष्ट असलेल्या रेसचं काय करणार, मारायचं एवढंच. भेदभाव हाच गोष्टीचा विषय घ्यायचा असेल तरी घ्या, चांगला विषय आहे, पण सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू करण्याआधीच्या बैठकीत, सगळ्यांना विचारून, आणि एकाने जरी नको म्हटलं तर नको.

भाषांचं मात्र आवर्जून करा. जुन्या पुस्तकात बहुतेक रेसची आपली भाषा असते आणि सगळीकडे ती "तो एल्विशमध्ये काहीतरी बोलतो" एवढ्यावर संपते. आपल्याकडे टेबलावर कुणाला कन्नड येतं, कुणाला तेलुगू, मग वापरा की. ज्या दोघांना तेलुगू येतं त्यांची कॅरेक्टर ड्वार्विश जाणणारी असतील तर ते खरोखर तेलुगूत कुजबुजतात आणि बाकीच्यांना खरोखर काही कळत नाही, अशी मजा कुठल्या नियमात नाही. फक्त त्या दोघांना आधी विचारा, आणि भाषा उसनी घ्या, माणसं नाही, म्हणजे तेलुगू बोलणारा ड्वार्फ हा पद्मशाली विणकराची नक्कल होता कामा नये.

यादी किती मोठी

चार-पाच प्लेअर असतील तर सहा-सात रेस भरपूर. तीन ज्या प्रत्येक गावात दिसतात, दोन-तीन ज्या बाजारपेठेत दिसतात, आणि एखादी जत्रेतली, जी घ्यायची तर आधी डीएमशी बोलायचं. ह्यूमन ठेवाच. बोअर म्हणून कुणी बघत नाही त्याच्याकडे, पण २०१४ चा व्हेरिएंट ह्यूमन पहिल्याच लेव्हलला एक फीट (जादा कसब) घेऊन येतो आणि २०२४ च्या ह्यूमनला फीटबरोबर प्रत्येक लाँग रेस्टनंतर (लांब विश्रांतीनंतर) हिरोइक इन्स्पिरेशन, म्हणजे एक फासा परत टाकायची मुभा, मिळतं, हे सांगितलं की दोघं तरी वळतात. वन-शॉट असेल तर हे सगळं विसरा आणि सगळं मोकळं सोडा, एका दुपारीत कोण जग बघतंय. लहान पोरं खेळणार असतील तर तीनच रेस, चित्रं दाखवून.

यादी ग्रुपवर टाकताना नुसती नावं टाकू नका. प्रत्येक रेसपुढे एक ओळ, इथं ते काय करतात आणि गावाचं त्यांच्याबद्दल काय मत आहे. "ड्वार्फ: विहिरी खोदतात, पाण्यावर हक्क सांगतात, तलावाकाठचे लोक त्यांच्यावर खार खाऊन आहेत." एवढ्यावरून प्लेअरला कॅरेक्टर सुचायला लागतं, पाच पानांचा इतिहास कुणी वाचत नाही, तुम्ही लिहिलात तरी नाही.

आणि मेसेज येणारच, "काय बे, कासव का नको?"

लगेच नाही म्हणू नका, विचारा की कासवात नक्की काय आवडलं. उत्तर तीनपैकी एक असतंय. कुणाला पाठीवरचं कवच पाहिजे असतं, म्हणजे मार खायची ताकद, त्याला ड्वार्फ आणि जाड चिलखत द्या. कुणाला ते म्हातारं, संथ, शहाणं व्यक्तिमत्त्व पाहिजे असतं, ते कुठल्याही रेसमध्ये बसतं, विहिरीवरचा म्हातारा ड्वार्फ पुजारी काय कमी संथ असतो? आणि कुणाला फक्त दिसायला वेगळं पाहिजे असतं, तिथं नियम एका रेसचे ठेवायचे आणि वर्णन दुसरं करायचं. गोलायथचे आकडे घ्या आणि त्याला डोंगरातला राक्षस म्हणण्याऐवजी तालमीतला सात फुटी पैलवान म्हणा, अंगाला तांबडी माती, रोज पहाटे जोर-बैठका, कागदावर काही बदललं नाही आणि गावात पण बसला. उलटं कधी करू नका, म्हणजे दिसायला साधा माणूस पण आकडे तीन रेसचे मिसळलेले, बाकीचे प्लेअर आठवड्यात तक्रार घेऊन येतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

शेवटचा उपाय म्हणजे दार बंद न करता लांब ठेवणं. यादी ही पहिल्या गावापुरती आहे असं सांगा. पार्टी नदी उतरून खाली भीमेच्या अंगाला गेली की तिथं पाण्यातले लोक भेटतील, त्यांच्याशी मैत्री जमली की ती रेस यादीत आली, आणि तोवर कुणाचं कॅरेक्टर मेलं तर नवीन कॅरेक्टर तिथलं बनवता येईल. हे ऐकल्यावर आमच्या एका प्लेअरने आपल्या हाफलिंगला दर लढाईत सगळ्यात पुढं उभं करायला सुरुवात केली, हाफलिंगच्या लकमुळं डी-ट्वेंटीवर (वीस बाजूंच्या फाशावर) आलेला प्रत्येक एक परत फेकायला मिळतोय त्यामुळं तो काही मरेना, आणि टॉर्टलची, म्हणजे त्या कासवाची, शीट भरून बॅगेत तशीच पडलीय.